तुटक्या रिळाचे मास्तर

तुमच्या आईने परवा फोनवर सांगितलं की तुम्हा दोघांत दोन दिवस अबोला आहे, आणि त्याचं कारण टीव्हीवरच्या कार्टूनचा एक भाग आहे. त्यात म्हणे एक कुटुंब आपलं पाळलेलं जनावर रस्त्याकडेला उतरवतं आणि गाडी घेऊन निघून जातं. ईरा त्या दिवशी जेवली नाही. रोहन म्हणाला, रेषाच तर आहेत त्या, रेषांना कधी भूक लागते का? आईने मला विचारलं, दोघांत बरोबर कोण? मी म्हटलं, लिहून कळवते.

लिहून अशासाठी, की या एकाच प्रश्नामागे तीन वर्षं गावोगाव हिंडलेला एक माणूस माझ्या ओळखीचा होता. त्याची हकीकत फोनवर सांगण्यासारखी नाही. शिवाय तिच्यात माझीही एक चूक आहे, आणि ती मी तुमच्या आईलासुद्धा कधी सांगितलेली नाही.

मी बी. ए. होऊन मालवणच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीत उभी राहून समुद्र बघत होते, तर मागून कुणीतरी विचारलं, "बाई, तुम्ही समुद्राकडे बघताय की खिडकीकडे?" वळून पाहिलं तर उंच, वाळका, कोटाच्या दोन्ही खिशांत खडूचे तुकडे भरलेला एक माणूस समुद्र सोडून माझ्याकडे बघत होता. मला राग आला. मग कळलं की ते ड्रॉइंगचे मास्तर आहेत आणि ते सगळ्यांकडे तसेच बघतात. देवळात आरती चालली की सगळे देवाकडे तोंड करतात. हे खांबाला पाठ लावून आरती म्हणणाऱ्यांकडे बघत. लग्नात मुहूर्ताच्या वेळी नवरानवरीकडे यांचं लक्ष नसे, ते अक्षता टाकणाऱ्यांकडे असे. "जे बघायचं ते सगळे बघतातच," असं त्यांचं म्हणणं. "बघणाऱ्याकडे कोण बघणार?"

एकदा परीक्षेत त्यांनी मुलांना माडाचं चित्र काढायला सांगितलं, आणि त्याच कागदावर त्या माडाकडे बघणारा एक माणूस. ज्याने हुबेहूब माड काढला होता त्याला चार मार्क मिळाले. एकाचा माड झाडूसारखा दिसत होता, पण त्याच्या माणसाची मान मागे गेलेली, तोंड उघडं, टोपी पडायला आलेली. त्याला नऊ. हेडमास्तरांनी जाब विचारला तेव्हा मास्तर शांतपणे म्हणाले, "माड देवाने आधीच काढलाय सर. त्याचे मार्क देवाला."

शाळेत ते शुद्ध बोलत. शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की मालवणी.

आता मशीनबद्दल. त्यांच्या एका विद्यार्थ्याचा बाप परदेशी बोटीवर इंजिनात कामाला होता. त्याने कुठल्याशा बंदराच्या जुन्या बाजारातून हाताने फिरवायचं एक सिनेमाचं मशीन आणि त्याबरोबर एकच रीळ आणलं. घरात ठेवायला जागा नाही म्हणून मास्तरांना देऊन टाकलं. मशीनचा दिवा मोटारच्या बॅटरीवर लागे, आणि ती बॅटरी बाजारातला एक ट्रकवाला भरून देई. पडदा म्हणजे मास्तरांची दोन धोतरं, त्यांच्या बहिणीने मधोमध शिवून जोडलेली. त्यामुळे प्रत्येक चित्राच्या मधून वरपासून खालपर्यंत एक शिवण जायची. पाऊस आला तर छत्री मशीनवर धरली जाई आणि मास्तर भिजत.

रीळ कार्टूनचं होतं, मुकं, सात-आठ मिनिटांचं. एक कुटुंब ट्रंका घेऊन धक्क्यावर येतं. त्यांच्या मागे त्यांचं जनावर. होडी लागते, ट्रंका चढतात, माणसं चढतात, जनावर तेवढं राहतं. होडी निघून जाते. ते आधी धक्क्याच्या टोकापर्यंत धावतं, मग परत येतं आणि दोर बांधायच्या खुंटाशेजारी बसतं. ऊन येतं, पाऊस येतो, झाडाची पानं गळतात, ते बसलेलंच. एकदा आपलाच कान तोंडात धरून झोपतं. तिथे बायका हमखास पदर डोळ्याला लावत. मग शेवटी दूर पाण्यावर एक काळा ठिपका दिसतो. ठिपका मोठा होतो, होडी होते. जनावर उभं राहतं.

आणि तिथे रीळ तुटलेलं होतं. पुढे नुसता पांढरा पडदा आणि त्यावरची शिवण.

ते जनावर कुठलं हे कधी ठरलंच नाही. कान लांब, शेपूट आखूड, पाय कुत्र्याचे. आचऱ्याला लोकांनी त्याला कुत्रं म्हटलं, फोंडाघाटाला वासरू, आणि इन्सुलीच्या नाक्यावरचा हवालदार म्हणाला ससा. मास्तरांना विचारलं तर ते एवढंच म्हणत, "जां मागे ऱ्हवला तां."

मास्तर मशीन पडद्याजवळ मांडत, स्वतः पडद्याकडे पाठ करून स्टुलावर बसत आणि उजव्या हाताने दांडा फिरवत. चित्र कुठवर आलं ते त्यांना मशीनच्या आवाजावरून कळे. कथाही तेच तोंडाने सांगत, पण डोळे सतत समोर, पडद्यावरून परतलेल्या उजेडात दिसणाऱ्या चेहऱ्यांवर. बहीण शेजारी रिळाची टोपली घेऊन बसे. रीळ मधेच तुटलं तर उग्र वासाच्या औषधाने ते जोडण्याचं काम तिचं. खेळ संपला की मास्तर "आवडलं का?" असं कधी विचारत नसत. एकेकाला गाठून विचारत, "तू खंय बघीत होतंस?" कुठे बघत होतास, एवढंच, आणि उत्तर एका जाड वहीत लिहीत.

ती वही मी वाचली आहे. आचऱ्याच्या कोळ्यांची पहिली तक्रार अशी, की शीड एका बाजूला फुगलंय आणि घरांचा धूर दुसऱ्या बाजूला चाललाय. "वारो एकच आसता, मास्तरांनू." पण त्यांच्यातच एक म्हातारा होता, तो सगळे गेल्यावर मागे राहिला आणि म्हणाला, "तेची दोरी सुटी आसा, बघलास? बांधूक नाय कोणी. तरी तां उठणा नाय." ते वाक्य मास्तरांनी लाल पेन्सिलीने दोनदा अधोरेखित केलं होतं. फोंडाघाटाच्या दुकानदारांनी ट्रंका मोजल्या होत्या. सात. सात ट्रंकांना जागा झाली आणि एका जीवाला नाही, यावर त्यांची तिथेच सभा भरली. एक ट्रंक मागे ठेवायला हवी होती असा ठराव झाला. फक्त कुठली, यावर एकमत होईना.

इन्सुलीची गोष्ट सगळ्यांत चांगली. तेव्हा गोव्यात अजून पोर्तुगीज होते आणि सरहद्दीकडे जाणारं सामान नाक्यावर उघडून बघत. हवालदाराने रीळ सोडलं, उजेडावर धरलं, आणि मग त्याला सोडवेना. एकेक चौकट बोटाने पुढे सरकवत त्याने सबंध रीळ उन्हात उभं राहून पाहिलं. एस. टी. खोळंबली, ड्रायव्हर शिव्या घालत होता. शेवटाला आल्यावर हवालदाराने कडक आवाजात विचारलं, "पुढचा भाग कुठे आहे?" मास्तर म्हणाले, "माझ्याजवळ नाही." हवालदाराने थोडा विचार केला आणि नोंदवहीत लिहिलं, "माल अपूर्ण."

मला अपूर्ण गोष्टी आवडत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या कपाटात आजही प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे. मी मास्तरांना न विचारता मुंबईच्या एका फिल्मवाल्या कंपनीला सुवाच्य इंग्रजीत पत्र लिहिलं, की अमुक चित्राचा शेवटचा तुकडा मिळेल का? पोस्टात टाकण्याआधी त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी ते वाचलं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर माझं चित्र काढलं, चष्मा सारखा करताना. "बाई," ते म्हणाले, "शेवट मिळाला की लोक टाळ्या वाजवून घरी जातील. आता ते आपापसात बोलत घरी जातात. तसंच जाऊ द्या त्यांना."

मला वाटलं, हा विक्षिप्तपणा. तो काही अंशी होताच. पण त्यांच्या घरी जायला लागल्यावर मला दुसरी गोष्ट कळली.

त्यांची बहीण इंदू माझ्याहून दोन वर्षांनी मोठी होती. लग्नानंतर आठ महिन्यांनी तिचा नवरा मुंबईच्या बोटीत बसला, गिरणीत काम बघतो आणि नेतो म्हणून. वर्षभर पत्रं आली, मग थांबली. पाच वर्षं झाली होती. त्याने तिकडे दुसरं घर केलं आहे हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि तिच्यासमोर प्रत्येक जण म्हणे, "येतलो गो." मे महिन्यात चाकरमानी येत, तेव्हा इंदू बंदरावर जात नसे. पण त्या आठवड्यात ती घराचं अंगण दिवसातून दोनदा सारवी.

मास्तरांना तिला तिथून उठवायचं होतं. त्यांच्या आयुष्यात तेवढी एकच इच्छा मी पाहिली. इंदू मराठी सातवी फायनल पास होती, अक्षर चांगलं, गणित माझ्यापेक्षा चांगलं. रत्नागिरीला बायकांसाठी शिक्षिकेचं ट्रेनिंग होतं, दोन वर्षांचं, राहण्याजेवणाच्या सोयीसह. ते करून ती कुठल्याही गावी शाळेत लागली असती. मास्तर तिला तोंडाने कधी "जा" म्हणाले नाहीत. पण तीन वर्षं प्रत्येक खेळाला तिला बरोबर नेलं आणि दर वेळी त्या पांढऱ्या पडद्यानंतर तिच्याकडे बघितलं. वहीत इतकी गावं होती, पण इंदूचं उत्तर नव्हतं. तिला त्यांनी तो प्रश्न विचारलाच नव्हता.

तिसऱ्या वर्षी चैत्रात एका दुपारी मासळी वाढता वाढता इंदू आपण होऊन म्हणाली, "दादा, रत्नागिरीचो फार्म खंय गावता?" मास्तर ताटावरून उठले आणि बाहेर जाऊन माडाला टेकून उभे राहिले. फॉर्म मी आणला, मी भरला. फक्त तिची सही राहिली होती आणि मेच्या अखेरीपर्यंत तो पोचायला हवा होता. पावसाळ्यासाठी बोट बंद होण्याआधी तिने निघायचं असं ठरलं.

आपल्या गावात मास्तरांनी तोवर खेळ केला नव्हता. "हयचे लोक पडदो बघूचे नाय," ते म्हणत, "माझ्या भयणीक बघतले." पण त्या मेमध्ये चाकरमान्यांनी फारच धरलं, आणि इंदू म्हणाली, होऊन जाऊ दे, मी आता चाललेच आहे. ग्रामदेवतेच्या देवळापुढे दिवेलागणीला खेळ ठरला. आदल्या दिवशी आचऱ्याला ओरडून ओरडून मास्तरांचा घसा पार बसला होता. तोंडातून नुसती हवा येत होती. कथा मी सांगावी असं त्यांनी खुणेने सुचवलं. मी वहीत नीट लिहूनच काढली. ती वाचून त्यांनी शेवटच्या ओळीखाली खडूने रेघ मारली आणि माझ्या कानाशी कुजबुजले, "जां पडद्यार दिसता तांच सांगा. रीळ सोपला काय गप ऱ्हवा."

मी हो म्हटलं. माझं सांगणं चांगलं चाललं होतं. ट्रंका चढल्या, होडी गेली, ऊन, पाऊस. कान तोंडात धरून ते झोपलं तेव्हा देवळापुढे एवढी माणसं बसलेली असून मशीनच्या खडखडाटाशिवाय आवाज नव्हता. मग ठिपका आला, होडी झाली, ते उभं राहिलं, आणि पडदा पांढरा झाला.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "होडी तेंचीच मा?"

मी गप्प राहिले.

"गो बाय, सांग मगे. तेका व्हरूक इले काय नाय?"

घ्यायला आले की नाही, एवढंच ती विचारत होती. पण हे विचारताना ती पडद्याकडे बघत नव्हती. कुणीच बघत नव्हतं. त्या पांढऱ्या उजेडात सगळं गाव वळून इंदूकडे बघत होतं. मुंबईहून आलेले तिचे चुलत दीर, नव्या लुगड्यातल्या त्यांच्या बायका, सगळे. इंदू खाली मान घालून टोपलीतलं रीळ गोळा करत होती, आणि तिच्या बोटांना ते सापडत नव्हतं.

मला ते बघवलं नाही. मी स्वच्छ, मोठ्या आवाजात, वर्गात सांगावं तसं सांगितलं, "हो. तीच होडी. ते परत आले आणि त्याला घरी घेऊन गेले."

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. म्हातारीने हात जोडले. आणि मग जे झालं ते आमच्याकडेच होऊ शकतं. गावचे वृद्ध मानकरी उठले, देवळाच्या पायरीवर गेले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे मोठ्याने मांडलेली विनवणी. एक जण बोलतो आणि प्रत्येक वाक्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. एकदा सगळ्यांच्या तोंडून ते गेलं की ती एकट्याची गोष्ट राहत नाही. मी तोवर गाऱ्हाणी ऐकली होती ती रोगराईसाठी, पावसासाठी. कार्टूनमधल्या जनावरासाठी घातलेलं ते पहिलंच.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या मुक्या जीवाची वाट बघणी तू सुफळ केलंस."

"व्हय म्हाराजा."

"तशीच ह्या आमच्या लेकीची वाट बघणी सुफळ कर. तिचो घोव जंय आसात थंयसून तेका घराक हाड."

"व्हय म्हाराजा."

"आणि तो येयसर ह्या लेकीक तुझ्या पायाकडे, ह्या गावात सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला. नवऱ्याला घरी आण आणि तो येईपर्यंत हिला याच गावात ठेव, या मागण्याला मीही व्हय म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं, आणि त्या क्षणी मला बरंही वाटलं होतं, हे लपवत नाही. मास्तर नेहमीसारखे आमच्याकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या घशात आवाज नव्हता. दांड्यावरचा हात थांबला होता, दिवा मात्र तसाच जळत होता.

दुसऱ्या दिवशी इंदूने फॉर्म माझ्या हातात परत दिला. सही केलेली नव्हती.

"पण तुला माहीत आहे ना," मी म्हटलं, "रीळ तिथेच तुटलंय. ते मी मनाने सांगितलं."

"माका म्हायत आसा. रोज मीच तां गुंडाळतंय," इंदू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पण गावाक म्हायत नाय मा? देवाकडे माझ्या नावान गाऱ्हाणा गेला. आता मी बोटीत बसलंय तर काय म्हणतले? देवार इश्वास नाय म्हणतले. दादाक ह्या गावात ऱ्हवाचा आसा, बाईनू."

मास्तर मला रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पाटीवर खडूने लिहून एक उपाय सांगितला. सोमवारी मानकरी देवळात बसतात. तिथे येऊन मी सांगायचं, की शेवट माझ्या मनाचा होता. एवढं झालं तर म्हातारा समंजस आहे, गाऱ्हाणं फिरवून घालता येतं, तशी रीत आहे. पण जी बोलली, तिनेच ते उलटून सांगायचं. दुसऱ्याचं चालत नाही.

मी पाटीवरच लिहिलं, "येते."

रविवारी माझे वडील आले. माझं लग्न ठरलं होतं, मुलगा मुंबईत सरकारी नोकरीत होता, आणि मंगळवारी त्या मोसमातली शेवटची बोट होती. आवराआवर खूप होती हे खरं. पण त्यामुळे मी गेले नाही हे खरं नव्हे. सोमवारी सकाळी मी कपडे करून तयार बसले होते. मग माझ्या डोळ्यांसमोर आलं, की देवळात वीसेक माणसं बसली आहेत आणि शाळेतल्या इंग्रजीच्या बाई उभ्या राहून सांगताहेत, मी खोटं बोलले. वडीलही बरोबर असते. मी चपला काढल्या, टेबलाशी बसले आणि मानकऱ्यांना एक पत्र लिहिलं. परिच्छेद पाडून, मुद्देसूद. ते शाळेच्या शिपायाबरोबर पाठवलं. मानकऱ्यांना वाचता येत नसे. ते मला माहीत होतं.

मंगळवारी बंदरावर मास्तर आणि इंदू दोघंही मला पोचवायला आले. इंदूने वाटेत खायला खोबऱ्याच्या वड्या दिल्या. पत्राबद्दल कुणी काही विचारलं नाही.

पुढे दर दिवाळीला मास्तरांचं पोस्टकार्ड येई. मजकूर एका ओळीचा आणि बाकी चित्र. पतंगाकडे बघणारी माणसं, भजीच्या कढईकडे बघणारी माणसं, निवडणुकीच्या भाषणात झोपलेली माणसं. त्यांत कुठे मला टोमणा आहे का हे मी भिंग लावून शोधत असे. तो कधीच नव्हता. दुसऱ्यांकडून मात्र कळलं, की त्या दिवसानंतर त्यांनी खेळ केला नाही. मशीन फोंडाघाटच्या एका दुकानदाराने नेलं. रीळ घरातच राहिलं आणि खाऱ्या हवेने चिकटून त्याचा एक गोळा झाला.

दहा-अकरा वर्षांनी, मास्तर गेल्याचं कळलं तेव्हा मी त्या गावी गेले. तुमची आई तेव्हा पाच वर्षांची होती, तिला बरोबर नेलं होतं. एस. टी.तून उतरले तर चहाच्या दुकानातले दोघेतिघे उठून उभे राहिले. मला कळेना. ते मला थेट देवळाकडे घेऊन गेले. जुने मानकरी गेले होते, त्यांच्या मुलाने माझ्या ओटीत नारळ घातला. "बाईनू," तो म्हणाला, "तुमचो शबूद देवान खरो केलो."

इंदूचा नवरा खरोखरच परत आला होता. गाऱ्हाण्याला सात वर्षं झाल्यावर, मुंबईचं दुसरं घर मोडलं तेव्हा, छातीचा आजार घेऊन. त्याला डोलीतून घरी आणावं लागलं. इंदूने दोन वर्षं त्याचं सगळं केलं. मास्तरांनी त्याला आपली खाट दिली आणि स्वतः पडवीत निजले. मग तो गेला, आणि पुढच्या पावसाळ्यात मास्तर. गावाच्या हिशेबाने गाऱ्हाणं फळलं होतं. चहाच्या दुकानातला माणूस मला म्हणाला, इतक्या वर्षांत असा रोकडा कौल कुणाला मिळालेला नाही.

मी तो नारळ पिशवीत घातला आणि इंदूकडे गेले.

ती छत्तीसची असेल, केस पुढून पिकले होते. तिने तुमच्या आईला आंबोळी दिली, मला चहा दिला, मास्तरांची वही काढून दाखवली. आमच्या गावचं पान त्यात होतं. वर गावाचं नाव होतं आणि खाली काही लिहिलेलं नव्हतं. मी बऱ्याच वर्षांपासून मनात घोकून ठेवलेलं बोलायला लागले. सोमवारचं, चपलांचं, पत्राचं. तिने मला पुरतं बोलू दिलं. मग चुलीतली लाकडं मागे ओढली आणि विचारलं, "बाईनू, ट्रेनिंगाक आता कितव्या वर्सापर्यंत घेतत?"

मला ते नक्की माहीत होतं. वयाची अट त्या फॉर्मच्या पहिल्याच पानावर होती आणि तो भरताना मीच तिला ती वाचून दाखवली होती. अट नंतर बदललीही नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तुमची आई आंबोळी खायची थांबून आम्हा दोघींकडे. बघू, चौकशी करते, एखाद्या वेळेस सवलत देतात, असं म्हणणं अगदी जिभेवर आलं होतं.

"तुझं वय उलटून गेलं, इंदू," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "बरा झाला सांगितलात," ती म्हणाली, आणि तुमच्या आईला आणखी एक आंबोळी घालायला उठली.